नाव तेच, माणूस वेगळे : ॲनी मूर आणि आयरिश कष्टकऱ्यांच्या नोंदींचा शोध

१/
१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांच्या तपासणीचे नवे केंद्र त्या दिवशी उघडले. तेथील नोंदवहीत पहिले नाव चढले ते आयर्लंडमधील कॉर्कहून आलेल्या ॲनी मूर या मुलीचे. अधिकाऱ्यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले, वर्तमानपत्रांनी तिची बातमी छापली, आणि मग ती शहराच्या गर्दीत दिसेनाशी झाली. पुढे अनेक दशकांनी ती ‘सापडली’. मात्र जी सापडली, ती ॲनी मूर दुसरीच होती. ही चूक कशी झाली, कशी सुधारली गेली आणि आयरिश कष्टकऱ्यांचा माग कागदांतून कसा काढतात, याविषयी हा धागा.

२/
‘नेवाडा’ हे जहाज क्वीन्सटाउन, म्हणजे आजचे कोव्ह, या बंदरातून निघाले होते. ॲनीसोबत अँथनी आणि फिलिप हे दोघे भाऊ होते. त्यांचे आईवडील, मॅथ्यू आणि ज्युलिया, १८८८ मध्येच न्यूयॉर्कला येऊन मॅनहॅटनच्या मन्रो स्ट्रीटवर राहत होते. वडील गोदी कामगार होते. आधी मोठ्यांनी जायचे, हमाली-मजुरी करून पैसा गाठीला बांधायचा आणि मग मुलांच्या तिकिटाची सोय करायची, ही त्या काळातील असंख्य आयरिश कुटुंबांची रीत होती. मूर कुटुंब त्यास अपवाद नव्हते.

३/
विसाव्या शतकात एलिस बेट हे अमेरिकेच्या स्थलांतरित भूतकाळाचे प्रतीक बनले आणि ‘पहिल्या मुलीचे पुढे काय झाले’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. उत्तरही मिळाले. ॲनी पश्चिमेकडे गेली, टेक्साससारख्या नव्या प्रदेशात तिने संसार थाटला आणि १९२३ मध्ये फोर्ट वर्थजवळ ट्रामखाली येऊन तिचा अंत झाला, असे सांगितले जाऊ लागले. तिच्या वंशजांना समारंभांना बोलावले गेले. १९९३ मध्ये जीन रायनहार्ट या शिल्पकार स्त्रीने घडवलेले ॲनीचे पुतळे कोव्ह येथे आणि एलिस बेटावर उभे राहिले. कहाणी पूर्ण झाल्यासारखी वाटत होती.

४/
या कहाणीला पहिला तडा दिला तो एका साध्या रकान्याने. वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी टेक्सासमधील ॲनी मूरच्या जनगणनेच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पासून व्यक्तीचे जन्मस्थान विचारले जाई. या बाईंच्या नोंदीत ते दर वेळी एकच होते : इलिनॉय. आयर्लंड नव्हे. बरे, ही बाई एलिस बेट उघडण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतच राहत होती. जी व्यक्ती अमेरिकेतच जन्मली आणि वाढली, ती १८९२ मध्ये जहाजातून प्रथमच तेथे उतरणार कशी?

५/
येथे कोणी कोणाला फसवले नव्हते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट त्या कुटुंबाने मनोभावे खरी मानली होती, आणि ऐकणाऱ्यांनाही ती हवीहवीशी वाटत होती. बंदरावर उतरलेली गरीब मुलगी विस्तीर्ण पश्चिमेकडे जाते, ही अमेरिकेला स्वतःविषयी सांगायला आवडणारी कथा होती. नाव जुळत होते, काळही साधारण जुळत होता. उरलेले अंतर इच्छेने भरून काढले. वंशावळीच्या शोधातील सर्वांत जुनी चूक हीच : नाव जुळले की माणूस जुळला असे समजणे.

६/
२००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी खऱ्या ॲनीचा पुरावा आणणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. काही आठवड्यांतच उत्तर हाती आले. धागा ॲनीच्या नावातून सापडला नाही. तो सापडला तिच्या भावाच्या नावातून. न्यूयॉर्क शहराच्या दफ्तरखात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांना फिलिप मूर याने अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारल्याचा दाखला मिळाला. १९३० च्या जनगणनेत फिलिप आणि त्याची मुलगी दिसली. त्या मुलीच्या मागावरून आजचे वंशज भेटले आणि त्यांच्यामार्फत ॲनीपर्यंतची वाट उघडली.

७/
खरी ॲनी पश्चिमेला कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, जहाजातून उतरून ज्या वस्तीत आली त्याच चार-दोन गल्ल्यांच्या परिसरात तिचे सारे आयुष्य गेले. जोसेफ शेयर या जर्मन वंशाच्या तरुणाशी तिने लग्न केले. तो फुल्टन मासळी बाजारात कामाला होता. तिला दहा-अकरा मुले झाली. त्यांपैकी मोठी होईपर्यंत जगली ती पाच. १९२४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत, लहानपणीच दगावलेल्या तिच्या मुलांसोबत तिला पुरले. थडग्यावर दगड नव्हता.

८/
वयाची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी ॲनीचा पंधरावा वाढदिवस होता, असे तेव्हा सांगितले गेले. आयर्लंडमधील नोंदीनुसार तिचा जन्म १८७४ मधला. म्हणजे ती सतरा वर्षांची होती आणि १ जानेवारी हा तिचा वाढदिवसही नव्हता. कष्टकऱ्यांच्या कागदपत्रांत वय हा सर्वांत डळमळीत पुरावा असतो. वाढदिवस साजरा करण्याची चैन ज्या घरांत नव्हती, तेथे वय अंदाजानेच सांगितले जाई. म्हणून अनुभवी शोधकर्ता केवळ वय दोन-चार वर्षांनी चुकते म्हणून नोंद बाद करत नाही, आणि केवळ वय जुळते म्हणून ती स्वीकारतही नाही.

९/
ॲनीचा माग अमेरिकेतून मागे आयर्लंडपर्यंत नेता आला. पण तिच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीकडे जाऊ लागले की वाट बिकट होते. या वाटेवर तीन आगी आहेत. १८९७ मध्ये एलिस बेटावरील लाकडी इमारत जळाली आणि तेथे ठेवलेली स्थलांतरितांची जुनी दफ्तरे गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीत अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची वाताहत झाली. १८८८ मध्ये आलेले ॲनीचे आईवडील त्याच जनगणनेत दिसायला हवे होते. आणि तिसरी आग, सर्वांत मोठी, लागली डब्लिनमध्ये.

१०/
१९२२ च्या उन्हाळ्यात आयर्लंड यादवी युद्धात लोटला गेला. ब्रिटनशी झालेला तह अमान्य असलेल्या सैनिकांनी डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या आवारात ठाण मांडले होते. सरकारी दफ्तरखाना त्याच आवारात होता. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तोफा डागण्यास सुरुवात केली. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि आग दफ्तरखान्यात शिरली. शतकांचे कागद जळाले. अर्धवट जळालेली पाने वाऱ्यावर उडत शहरभर पडली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या घरनिहाय नोंदी, थोडे अवशेष वगळता, त्या दिवशी नष्ट झाल्या.

११/
सारा दोष आगीचा मात्र नव्हता. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ कागद सरकारनेच आदेश देऊन नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी गेले. परिणामी संपूर्ण आयर्लंडची घरनिहाय जनगणना पहिल्यांदा हाती लागते ती थेट १९०१ ची आणि त्यानंतर १९११ ची. एकोणिसाव्या शतकातील महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. नेमक्या त्याच पिढीची शिरगणती आज वाचायला उरलेली नाही.

१२/
जे उरले आहे ते मात्र बोलके आहे. १९०१ आणि १९११ चे अर्ज कुटुंबप्रमुखाने भरायचे होते. नाव, नाते, धर्म, लिहिता-वाचता येते का, वय, व्यवसाय, जन्माचा परगणा, आयरिश भाषा येते का, असे रकाने त्यात होते. सोबतच्या अर्जावर शिपायाने घराच्या भिंती कशाच्या, छप्पर गवताचे की स्लेटचे, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती, हे नोंदवले. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांसाठी आणखी एक प्रश्न आला : किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी आज किती हयात आहेत? ‘नऊ’ आणि ‘चार’ असे दोन आकडे शेजारी दिसले की एका आईचे सारे आयुष्य डोळ्यांसमोर उभे राहते.

१३/
१८६४ हे वर्ष या शोधात मैलाचा दगड आहे. त्या वर्षापासून आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि सर्वधर्मीय विवाह यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. बिगर-कॅथलिक विवाहांची नोंद १८४५ पासूनच होत होती. जन्माच्या दाखल्यात आईचे माहेरचे आडनाव असते आणि गरिबाच्या शोधात त्याचे मोल फार मोठे आहे. मॅथ्यू मूर नावाची माणसे अनेक असतील. पण मॅथ्यू मूर आणि माहेरची क्रोनिन असलेली ज्युलिया हे जोडपे सहसा एकच असते. विवाहाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांची नावे आणि धंदे मिळतात. सहीच्या जागी कित्येकदा फुली असते. ती फुलीही पुरावाच.

१४/
१८६४ च्या मागे जायचे तर चर्चच्या वह्यांचा आधार घ्यावा लागतो. येथे इतिहासाने एक विचित्र न्याय केला. सत्ताधाऱ्यांच्या अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या सुरक्षिततेसाठी डब्लिनच्या दफ्तरखान्यात ठेवल्या गेल्या आणि १९२२ मध्ये जळाल्या. बहुसंख्य गरीब ज्या कॅथलिक चर्चचे होते, त्याच्या वह्या गावोगावच्या पाद्र्यांकडेच राहिल्या, म्हणून वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. मात्र ग्रामीण भागातील अनेक वह्या १८२० च्या दशकात किंवा त्याहून उशिरा सुरू होतात.

१५/
या वह्यांतील नावे वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. पाद्री अनेकदा लॅटिनमध्ये लिहीत, त्यामुळे जेम्सचा ‘याकोबुस’ होई. आयरिश ‘कॉन्होर’ इंग्रजी कागदावर ‘कॉर्नेलियस’ बनून येई. आडनावापुढील ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एका पिढीत गळे आणि पुढच्या पिढीत परत येई. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची पद्धत असल्याने एकाच वाडीत, एकाच वयाचे, एकाच नावाचे तीन चुलत भाऊ सहज भेटतात. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या नोंदीतील धर्ममाता आणि धर्मपिता उपयोगी पडतात. ते बहुधा मावशी, काका किंवा शेजारी असत. त्यांच्यामुळे एक घर दुसऱ्या घरापासून वेगळे काढता येते.

१६/
जमिनीच्या नोंदींतही गरीब दिसतो, पण कडेला उभा असलेला. १८२० आणि १८३० च्या दशकांत अँग्लिकन चर्चसाठीच्या धर्मकराच्या वह्या तयार झाल्या. त्यांत शेती कसणारे आहेत. भूमिहीन मजूर आणि शहरी कामगार नाहीत. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेले मालमत्तेचे मूल्यांकन याहून व्यापक आहे. त्यात प्रत्येक ‘टाउनलँड’मधील, म्हणजे वाडी-शिवाराएवढ्या सर्वांत लहान भूविभागातील, घराचा भोगवटादार आणि तो कोणाचे कूळ आहे हे लिहिलेले असते. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड आयर्लंडमध्ये आहेत. म्हणून पूर्वजाचा केवळ परगणा कळून भागत नाही. त्याची वाडी कळावी लागते.

१७/
कष्टकरी माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो तो मात्र संकटात सापडल्यावर. १८३८ च्या गरीब कायद्यानंतर देशभर वर्कहाऊस उभी राहिली. तेथे दाखल होणाऱ्याचे वय, धर्म, धंदा, प्रकृती, कधीकधी अंगावरच्या कपड्यांची अवस्थाही वहीत उतरे, आणि शेवटच्या रकान्यात बाहेर पडल्याची किंवा मृत्यूची तारीख. तुरुंगाच्या वह्यांत उंची आणि डोळ्यांचा रंग मिळतो. छायाचित्र काढणे ज्यांना कधीच परवडले नाही, त्यांचे तेवढेच चित्र शिल्लक आहे. तालुका पातळीवरच्या लहान न्यायालयांत दारू पिऊन रस्त्यात पडणे, दुसऱ्याच्या कुरणात गाढव शिरणे असे खटले आहेत. १८६६ पासून तर कुत्रा पाळण्याच्या परवान्यांच्याही नोंदी सापडतात.

१८/
काही वाटा थेट महाराष्ट्रापर्यंत येतात. भाकरीसाठी सैन्यात शिरलेल्या आयरिश तरुणांचा ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत मोठा भरणा होता. कंपनीच्या मुंबई सैन्यातील एक गोरी पलटण पुढे ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स’ म्हणून ओळखली गेली आणि १८८१ मध्ये तीच ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’ची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातील गोऱ्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सैन्यातून निवृत्त होणाऱ्याच्या कागदावर जन्माचा पॅरिश आणि आधीचा धंदा लिहिलेला असे. आयर्लंडमध्ये जी नोंद जळाली, तिची सावली कधीकधी अशी परदेशी दफ्तरात सापडते.

१९/
सर्वांत हृद्य कागद मात्र पेन्शनचे आहेत. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला कमाल पाच शिलिंग पेन्शन मिळू लागले. पण सत्तर वर्षांचा माणूस म्हणजे १८३९ किंवा त्याआधी जन्मलेला, आणि जन्मनोंदणी तर १८६४ ची. वय सिद्ध करायचे कसे? कोणी ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे महाभयंकर वादळ आठवत असल्याचे सांगितले. अनेकांनी डब्लिनला अर्ज पाठवले : माझ्या आईवडिलांची नावे ही, वाडी ही, १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत मी लहान मूल म्हणून आहे का ते पाहावे. कारकुनाने वह्या उघडून पाहिले आणि उत्तर अर्जावर लिहिले.

२०/
१९२२ मध्ये त्या वह्या जळाल्या. अर्ज मात्र राहिले. जळालेल्या जनगणनेतील जी घरे आज माहीत आहेत, त्यांपैकी कित्येक केवळ एवढ्यासाठी माहीत आहेत की एका म्हाताऱ्या मजुराला किंवा मोलकरणीला पाच शिलिंगांची गरज होती. काही अर्जांवर ‘आढळले नाही’ एवढाच शेरा आहे. तरीही अर्जदाराने स्वतः सांगितलेली आईवडिलांची नावे आणि वाडी त्यावर असतेच. सरदार-जमीनदारांचे दस्तऐवज जपून ठेवले म्हणून टिकले. गरिबाची नोंद टिकली ती बहुतेक वेळा त्याने काही मागितले म्हणून, किंवा कोणी त्याच्याकडून काही वसूल केले म्हणून.

२१/
यावरून शोधाची रीत ठरते. सुरुवात जवळच्या, खात्रीच्या माणसापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरू नये. प्रत्येक कागद कोणी, कशासाठी लिहिला हे विचारावे. नाव, वय आणि गाव हे तिन्ही डळमळीत असू शकतात. पण भाऊ, आईचे माहेर, धर्ममाता, शेजारी आणि पत्ता एकत्र जुळले तर तो योगायोग उरत नाही. एकट्या माणसाला शोधू गेले तर कष्टकरी हाती लागत नाही. त्याच्या गोतावळ्यासकट शोधले तर लागतो. खरी ॲनी मूर सापडली ती फिलिपमुळे, हे विसरू नये.

२२/
ऑक्टोबर २००८ मध्ये कॅल्व्हरी दफनभूमीत एक समारंभ झाला. आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीचा केल्टिक क्रूस ॲनीच्या थडग्यावर उभारला गेला. मृत्यूनंतर सुमारे चौऱ्याऐंशी वर्षांनी. दोन पुतळे तिच्या नावाने आधीपासून उभे होते, आणि त्याच काळात तिचे थडगे मात्र बिनदगडाचे होते. तिच्या खऱ्या आयुष्यात विस्तीर्ण पश्चिम नव्हती. मासळी बाजारातल्या मजुरीवर चाललेला संसार होता, चार-दोन गल्ल्या होत्या आणि पुरलेली मुले होती. ते आयुष्य कमी रम्य असेल, पण ते तिचे होते. ज्याच्या मागे ना जमीन उरली ना पत्रे, त्याला इतिहासाकडून मिळण्यासारखी एकच गोष्ट असते : त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे न करणे.